टाकी भरलेली आहे

ता. २ डिसेंबर १९७४, सोमवार

आज सकाळी पूजा आटोपून, कचेरीला जायच्या आधी, मागच्या पडवीतला मोठा बंब पेटवला. या घरात भाड्याने येऊन पाच वर्षे झाली. पेटवला आज प्रथमच. घरमालक वकीलसाहेब कोल्हापुरात असतात, मे महिन्यात तेवढे इकडे पन्हाळ्याला येतात. त्यांना विचारले होते. म्हणाले, "बघा पेटतो का. वडिलांच्या मागे कुणी हात लावला नाही." त्यांचे वडील इंजिनिअर. धुके सोसेना म्हणून त्यांनी हे विलायती खूळ घरात आणले. पडवीत बंब, बंबातून भिंतीकडेने लोखंडी पाईप, आणि तीन खोल्यांत खिडकीखाली एकेक रेडिएटर. लोखंडाच्या बरगड्या उभ्या केल्यासारखे. पाच वर्षे आम्ही त्यांवर टॉवेल वाळत घातले.

तासभर लाकूड जाळले. बंबात धाडधाड आवाज, कुणी आत बसून हातोडा मारतोय असा. रेडिएटर तिन्ही गार. मागच्या खोलीतल्याला बराच वेळ हात लावून बसलो. सौ. दारात येऊन म्हणाली, "नाडी बगताय व्हय? गेलाय त्यो."

कचेरीला दहा मिनिटे उशीर. तरी मन प्रसन्न. निदान सुरुवात झाली.

ता. ३, मंगळवार

काल का पेटवला ते लिहायचे राहिले. पुढे वाचताना मलाच कळायला हवे.

लेकीला, नलूला, आठवा महिना लागला. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही रीत. पण नलूला लहानपणापासून दमा. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, तिचा धूर तिला चालणार नाही. आणि बिनशेगडीची खोली म्हणजे पन्हाळ्याची पौषातली खोली. गेल्या आठवड्यात कोल्हापुरात शिवाजी पेठेत तिच्या सासरी गेलो होतो. विहीणबाई तोंडावर बोलणाऱ्या. "अण्णा, तुमचं घर म्हंजे ढगात. माजी सून काय ढगात बाळंत व्हायची?" मी बंबाचे सांगितले. धूर पडवीत, ऊब खोलीत. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग, "दत्तजयंतीपतुर खोली गरम करून दावा, मी सोताच्या हातानं तिची पिशवी भरून देतो. न्हाय झाली तर हितंच ऱ्हाईल. मग रुसायचं न्हाय."

रास्त बोलल्या. दत्तजयंती २८ ला.

ता. ५, गुरुवार

उपास. जिल्ह्याच्या कचेरीत कागद पोचवायचे होते, म्हणून कोल्हापूर. काम लवकर आटोपले. नलूकडे गेलो. उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. छातीत बारीक सूं सूं चालू. मी ऐकली हे तिला कळले, म्हणाली, "नेहमीचंच आहे हो अण्णा." निघताना, सासूबाई आत आहेत असे पाहून, "इथं सगळी जपतात. पण मला त्या दिवशी आई पाहिजे." एवढेच. एस.टी.त ते वाक्य बरोबर आले.

त्याच गल्लीच्या टोकाला दस्तगीर मिस्त्री यांचे दुकान. बंब, चुली, पंप दुरुस्त करतात. साखर कारखान्यात बॉयलरवर वीस वर्षे काढलेली. वय साठीचे, पांढरी दाढी, कानावर विडी. सगळे ऐकून घेतले. "घर तापवायचं? मानसं तापत्यात ती काय कमी हायत?" पण डोळे चमकले. रविवारी येतो म्हणाले. तोवर बंब पेटवू नका, आत पाणी नसेल तर फुटेल, अशी ताकीद.

ता. ८, रविवार

द. मि. पहिल्या गाडीने आले. चहा घेण्याआधी पाईपला कान लावला. "वाईच गप बसा सगळी. ह्यो काय म्हंतोय बगू."

मग रेडिएटरच्या डोक्याशी एक बारका स्क्रू असतो तो किल्लीने सैल केला. फुस्स करून हवा आली. पाच वर्षे त्यावर टॉवेल घातले, हा स्क्रू कधी दिसला नव्हता. समजावून सांगितले ते असे. गरम पाणी आपोआप वर चढते, गार होऊन खाली उतरते, फिरत राहते. मधे हवा कोंडली की फिरणे बंद. हवा सोडली की तिच्या मागोमाग पाणी यायला हवे.

हवा आली. संपली. पाणी नाही. तिन्ही खोल्यांत तेच. द. मि. म्हणाले, "ब्यांड वाजून गेला, नवरी आलीच न्हाय."

पाणी येते ते वरच्या टाकीतून. टाकी माळ्यावर, देवघराच्या बरोबर वर. विचारले, "टाकीत पाणी हाय न्हवं?"

"टाकी भरलेली आहे."

"बगितलंसा?"

"दर रविवारी बघतो."

शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता, तो काढून घेतला. "खाली तुमचा देव बसलाय. त्याच्या डोसक्यावर माजा पाय कशाला? तुमी म्हंताय भरलीया, म्हंजे भरलीया." मी म्हटले, तसे काही नाही, चढा. नाहीच चढले. बंबाच्या तळाची तोटी सोडून बादलीभर काळे पाणी काढले, हुंगले, मान हलवली. पुढच्या रविवारी पुन्हा.

ते गेल्यावर आठवड्याचे निर्माल्य घेऊन नेहमीप्रमाणे माळ्यावर गेलो. गडावर वाहते पाणी नाही. तळ्यात म्हशी उतरतात. देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, एवढीच माझी धडपड. घर भाड्याने घेतले त्या वर्षी ही टाकी सापडली. पाण्याने भरलेली, झाकण असलेली, आणि घरात सर्वांत उंच, जिथे कुणाचे पाऊल पडत नाही. तेव्हापासून रविवारचा नेम. उन्हाळ्यात पाणी आटले की घागरभर घालतो.

ता. ११, बुधवार

कचेरीत बातमी पसरली. शिपाई विचारतो, "अण्णा, घराचा ताप उतरला का चढला?" हसलो. आज धुके इतके की कचेरीची पायरी पाय लागल्यावर दिसली. असल्या दिवसांत मला हे गाव फार आवडते. सगळे झाकलेले, फक्त जवळचे तेवढे आपले.

पण नलूची छाती...

ता. १५, रविवार

द. मि. पुन्हा. स्क्रू सोडले, तेच. खालून आणखी बादलीभर पाणी काढले. मग नलूसाठी ठेवलेल्या मागच्या खोलीची भिंत बोटांनी वाजवत गेले. एका जागी ओल. "सापडलं. पाईप सडलाय. वरनं येतंय ते हितं भिताडात मुरतंय. भित फोडाय लागंल." मी म्हटले, पन्हाळ्यात कोरडी भिंत कुणाची आहे? म्हणाले, "मग तुमी सांगा पानी कुटं जातंय?"

मालकांना विचारून घ्या, पुढच्या रविवारी फोडू, असे ठरले. सौ. चा चेहरा उतरला. भिंत फोडली की धूळ. त्या धुळीत नलूला कुठे ठेवायची?

ते गेल्यावर माळ्यावर गेलो. झाकण काढले, पिशवी उलटी करणार, तेवढ्यात थांबलो.

टाकीच्या आतल्या अंगाला कुंकवाची एक तांबूस रेघ आहे, पाण्याच्या बरोबर काठाने. गेल्या रविवारी पाणी त्या रेघेला होते. आजही त्याच रेघेला. खालून दोन बादल्या पाणी काढले आणि वर बोटभरही उतरले नाही.

बाही वर करून हात घातला. कोपरापर्यंत बुडाला तरी तळ लागेना. मऊ, गार, चिकट. बोटांना हारांचे दोरे गुंडाळून आले. तुळशीची काळी पाने, अक्षता.

भिंतीत काही मुरत नाही. पाणी टाकीतून निघालेलेच नाही. पाच वर्षांची माझी पूजा तळाशी, पाईपच्या तोंडावर बसली आहे.

पिशवी तशीच घेऊन खाली आलो.

ता. १६, सोमवार

सौ. पाण्याला गेली तेव्हा कळकाची काठी घेऊन वर गेलो. ढोसले. काही उपयोग नाही, उलट गाळ जास्तच घट्ट बसला असावा. हात धुतले तरी वास जाईना. वाईट वास नाही. देवघराचा जुना वास.

कुणाला बोललो नाही.

ता. १८, बुधवार

विहीणबाईंचे कार्ड आले, जावयाच्या हातचे. "खोलीचं काय झालं ते कळवावे. नलूची तयारी करायची की नाही?"

लगेच उत्तर टाकले. "काम चालू आहे. मालकांचे पाईप जुने, त्यात दोष निघाला, त्यामुळे विलंब." पत्र पेटीत टाकेपर्यंत काही वाटले नाही. परत येताना पेटीकडे वळून पाहिले. पाईपांत दोष नाही हे मला रविवारपासून ठाऊक आहे. मालकांनाही भिंत फोडण्याबद्दल विचारलेले नाही. काय विचारू?

संध्याकाळची आरती म्हटली, पण शब्द नुसते तोंडातून गेले.

ता. २०, शुक्रवार

सौ. ने विचारले, "निर्माल्याची पिशवी खुंटीलाच हाय पाच दिस. पाय दुखत्यात का?" म्हटले, नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी बी शिडी चढलो काल. बगितलं." माझ्याकडे न बघताच. "एवडा मोठा कारकून. लोकांच्या फायली अडल्या तर कारण लिवून देताय की."

हसू आले आणि लाजही वाटली.

का सांगवत नाही याचा विचार केला. मिस्त्रींनी हसण्याची भीती नाही. देवासाठी केलेल्या गोष्टीने लेकीची वाट अडली, हे उच्चारायचे धैर्य नाही. पण असेही वाटते, देवासाठी केले की माझ्या सोयीसाठी? तळ्यावर चिखल, पावसात जाववत नाही. खुद्द दत्ताच्या वाडीला दर पौर्णिमेला जातो, पिशवी बरोबर नेली असती तर संगमावर पोचली असती. एस.टी.त ओझे नको म्हणून नेली नाही. हे खरे कारण. आज प्रथम लिहिले.

ता. २२, रविवार

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

द. मि. छिन्नी-हातोडा घेऊनच आले. भिंतीवर खडूने चौकोन काढला. हातोडा उचलला. मी म्हटले, "मिस्त्री, थांबा. टाकी भरलेली आहे, पण पाण्याने नाही."

"मग कशानं?"

सांगितले. सगळे. ते खाली बसले. कानावरची विडी काढली, पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवत राहिले. मग असे हसू लागले की ठसका लागला. "आरं देवा! दोन रविवार मी भिताडाला कान लावून बसलोय, आन अडवनारा वर बसलाय व्हय!"

हसणे थांबल्यावर विचारले, "कवा कळलं तुमास्नी?"

"गेल्या रविवारी. तुम्ही गेल्यावर."

"आट दिस?"

"आठ दिवस."

"आन मी फोडली असती म्हंजे?"

मी खडूचा चौकोन पुसला. हातोडा पिशवीत टाकत ते म्हणाले, "माजीबी चूक हाय. मिस्त्रीनं दुसऱ्याच्या डोळ्यानं टाकी बगू ने. कारकानात हे केलं असतं तर सायबानं हाकलला असता." मग, "आता चढायलाच पायजे. तुमचा देव वाईच हलवता का?"

देव ताम्हनात घेऊन स्वयंपाकघरात फळीवर ठेवले. तासभर तिथे पाहुणे. द. मि. नी हातपाय धुतले, पायजमा वर खोवला. चढण्याआधी सौ. ला म्हणाले, "वैनी, नवी बुट्टी द्या. केराची नगो." सौ. ने धान्याची बुट्टी रिकामी करून दिली. ते वरून ओंजळीने भरत, मी शिडीवरून घेत होतो. एक ओंजळही खाली सांडू दिली नाही. तीन बुट्ट्या निघाल्या. शेवटी टाकीच्या तळाच्या तोंडात तार घातली. पाईपच्या बरोबर तोंडावर एक सुपारी, दोऱ्यात गुंडाळलेली, बूच मारल्यासारखी. सत्यनारायणाची असावी. ती निघाली आणि टाकीतले पाणी गडगड करत खाली गेले. भिंतींतून आवाज उतरत गेला. सौ. देवघराच्या दारात उभी राहून तो ऐकत होती.

मग घागरी. अकरा घागरी मी आणि सौ. ने वर पोचवल्या. प्रत्येक घागर पाईप पिऊन टाकत होते. बाराव्या घागरीला पाणी टाकीत उभे राहिले.

पुन्हा किल्ली. फुस्स. मग थुंकल्यासारखे, मग एकदम चिळकांडी द. मि. च्या तोंडावर. चहासारखे पाणी, तुळशीचा वास. दाढी पुसत म्हणाले, "घ्या. तीर्थ मला आदी मिळालं."

तीन बुट्ट्यांचे काय करायचे? मी म्हटले, संगमावर नेतो. म्हणाले, "एवडं वलं एस.टी.त घेतील व्हय? मातीला द्या की." मातीवर पाय पडतो, हे माझे म्हणणे. ते चाफ्याखाली जागा बघत होते. म्हणाले, "अण्णा, आमी तर मानूसबी मातीलाच देतो. वर फिरायचं न्हाय एवडं बगतो, बास."

चाफ्याशी खड्डा केला. भोवती दगडांचे कडे लावले. आठवडाभर खुंटीवर राहिलेली पिशवीही त्यातच रिकामी केली. देव परत देवघरात. दोन वेळा आचमन केले, मग बरे वाटले. दुसऱ्यांदा कशासाठी, ते मलाच कळले नाही.

ता. २३, सोमवार

सकाळी बंब पेटवला. धडधड नाही. अर्ध्या तासाने पुढच्या खोलीतला रेडिएटर कोमट, मग गरम. मग मधला. सौ. ने त्याला टेकवून दह्याचे भांडे ठेवले. या दिवसांत दोन दोन दिवस दही लागत नाही. दुपारी सुरी उभी राहील असे दही.

मागची, नलूची खोली: रेडिएटर वरून वीतभर गरम, त्याखाली कोमट, पायथ्याशी गार. तासभर, दोन तास, तेवढेच.

ता. २४, मंगळवार

कोल्हापूरला जाणाऱ्या तलाठ्याबरोबर द. मि. ना निरोप. उत्तर आले. टाकीतला गाळ सुटून शेवटच्या रेडिएटरच्या पायाशी बसला. उतरवून धुवावा लागेल. जोडाचे वायसर जुन्या मापाचे, शोधून आणतो. जानेवारीचा पहिला आठवडा. "तोवर पेटवत ऱ्हावा. घाबरू नगा."

दत्तजयंती २८ ला.

ता. २६, गुरुवार

उपास. विहीणबाईंना पत्र लिहायला बसलो. दोन कागद फाडले.

सौ. म्हणते, "खोली गरम हाय म्हनून लिवा की. वरनं हाय न्हवं? मग वरनंच लिवा." चेष्टेत म्हणाली, पण डोळे चेष्टेचे नव्हते. तिलाही तो दिवस नलूजवळ हवा आहे.

खोली गरम आहे. खोटे नाही. टाकी भरलेली आहे, हेही खोटे नव्हते. तेच वाक्य मिस्त्रींना सांगून मी दोन रविवार घालवले. आता पुन्हा तसेच, आणि नलूच्या श्वासावर, कसे सांगू?

खरे लिहिले तर त्या म्हणतील, राहू दे इथेच. त्यांचे चुकणार नाही.

नलूच्या खोलीत पाट टाकून जप केला. रेडिएटरच्या वरच्या वीतभर उबेशी पाठ टेकून. धुके खिडकीला लागलेले. बरे वाटत होते. पाय तेवढे गार.

ता. २८, शनिवार. श्रीदत्तजयंती

सकाळी पूजा, पाठ. वाडी या पौर्णिमेला चुकवली, पत्र आधी. फुले आज भरपूर, शेजाऱ्यांनी झेंडू दिला. निर्माल्य खाली, दगडांच्या कड्यात. शिडी पडवीत आडवी ठेवली आहे.

पूजेनंतर पत्र एका बैठकीत झाले. आजवर व्याह्यांना लिहीत आलो, आज थेट विहीणबाईंना. पहिल्या ओळीत, मागच्या कार्डात पाईपांना दोष दिला तो खोटा. दोष माझा. टाकीची सगळी हकीकत, सुपारीसकट. मिस्त्रींचे काम चोख. मग खोलीचे: "वरून वीतभर गरम, पायाशी गार. पुढच्या आठवड्यात पुरी होईल असे मिस्त्री म्हणतात. मी स्वतः पाहिल्याशिवाय तसे म्हणणार नाही. आपण सकाळच्या गाडीने यावे. बंब पेटवून ठेवतो. आपल्या हाताने हात लावून पाहावे आणि आपण ठरवावे. नलू तुमच्याकडे राहिली तरी आमच्या मनात काही राहणार नाही. फक्त तिची आई त्या दिवसांत तिकडे येऊन राहील, तेवढी जागा द्यावी."

शेवटचे वाक्य सौ. ला वाचून दाखवले. तिने पदराने कपाळ पुसले आणि म्हणाली, "दह्याचं लिवा. त्यास्नी पटंल." तेही लिहिले.

साडेदहाचे टपाल निघायच्या आत पोस्टात गेलो. पेटी रिकामी असावी. पत्र तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट आला.